दोन पितळी बिल्ले

कुलपाची किल्ली शोधायला पर्समध्ये हात घातला आणि हाताला दोन गार चकत्या लागल्या. बाहेर काढून बघते तर ते बिल्ले. पितळेचे, बिस्किटाएवढे, वरच्या भोकात काळा गोफ ओवलेला, अंगावर ठोकून काढलेलं ‘लाइन ३’, आणि त्याखाली एकावर १, दुसऱ्यावर २. शुक्रवारची संध्याकाळ, जळोचीतलं आमचं दार, आणि दुसऱ्याची वस्तू हातात घेऊन मी बावळटासारखी उभी. आपण चोरी केली की काय, असं वाटून मी चक्क मागं वळून बघितलं. मागं कोण असणार, भाऊजींची म्हैस. मग हसायला आलं. इस्त्रीची साडी नेसून, शिवणकामाच्या डिप्लोम्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दोन एसट्या बदलून लोणी देवकरला गेले, आणि तिथून मारून आणलं काय, तर साठ बायकांचा संडासाला जायचा परवाना. दोन नग.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत तयार कपड्यांचा नवा कारखाना झालाय. तिथले शर्ट म्हणे परदेशात जातात. तिसऱ्या लाइनला सुपरवायझर बाई पाहिजे होती. माणसं घ्यायचं काम मानसिंगराव म्हणून एक गृहस्थ बघतात. फिरती खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल, टेबलावर काचेखाली देवांचे फोटो. त्यांनी माझा कागद पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “काम उभ्यानं. तुम्हीपण उभ्याच. खुर्ची दिली की माणूस बसतं.” हे बसून सांगत होते. मग त्यांनी लाइनीवरून हे बिल्ले मागवून घेतले आणि माझ्या हातावर ठेवले, प्रसाद ठेवावा तसे. “ज्या बाईला जायचं असेल तिनं तुमच्याकडून मागून घ्यायचा, गळ्यात घालायचा, दारातल्या शिपायाला दाखवायचा. पाच मिनिटं. एका बाईला शिफ्टमध्ये एकदा. दुसऱ्यांदा मागायला आली की तुम्ही विचारायचं, का म्हणून.” मी म्हणाले, “काय विचारायचं?” ते म्हणाले, “का म्हणून. आम्ही पुरुषांनी विचारलं की बोंब होते. तुम्ही बाई आहात, तुम्हाला खरं-खोटं कळतं. आणि पाणी बेतानं प्या म्हणावं. उन्हाळ्यात फार पितात.” “उन्हाळ्यात सगळेच पितात,” मी म्हणाले. त्यांना ते मान्यच होतं. त्यांनी मान डोलावली. मग माझ्या अर्जाकडं पुन्हा बघत, जरा आपुलकीनं, “धनगर ना तुम्ही? मग काही काळजी नाही. तुमच्या बायका काटक. मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडणारी माणसं. तुमची कशाबद्दल कुरकुर नसते. म्हणून मुद्दाम तुमचं नाव वर घेतलं.” आणि मी हसले. साहेब लोकांसमोर हसतात तशी, दात न दाखवता, मान थोडी वाकडी करून. त्या हसण्याची आठवण झाली की अजून माझा मलाच फटका द्यावासा वाटतो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यांनी नेमणुकीचं पत्र माझ्याकडं सरकवलं आणि हातानंच जायची खूण केली. मी उठले, पत्र पर्समध्ये घातलं, आणि त्याबरोबर मुठीतले बिल्लेही.

पत्रात लिहिलंय की सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. कंपनीची बस पावणेसहाला जळोचीच्या फाट्यावर येते. त्या बसमध्ये चढले की नोकरी माझी, नाही चढले की नाही. एवढं सोपं. आणि ही नोकरी मला पाहिजे होती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. गेली सहा वर्षं मी हिंदुराव भाऊजींच्या घरातल्या दोन खोल्यांत राहते आणि त्या खोल्यांच्या बोळात मशीन ठेवून गावाच्या साड्यांना पिको-फॉल करते. बायका येतात, चपला न काढता उंबऱ्यात उभ्या राहतात, ब्लाउज उलटासुलटा करून म्हणतात, “जरा बगलेत सैल करा की.” अगं, तूच जरा कमी खा की. पण हे मनात. तोंडानं मी “बरं” म्हणते. भाऊजी रोज एकदा बोळातून जातात आणि मशीनला पाय लागला की म्हणतात, “वाट अडती हिच्यामुळं.” हिच्यामुळं म्हणजे मशीनमुळं की माझ्यामुळं, ते सांगत नाहीत. नवरा रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त करतो. नाव इंद्रजित. आजवर काय जिंकलं विचाराल तर शाळेत लिंबू-चमचा. भाऊ बोलला की हा टेपचं झाकण उघडून त्यात तोंड घालून बसतो. मला बारामतीत वेगळी खोली पाहिजे होती, जिच्या बोळातून कुणी जाणार नाही. ती या नोकरीतून होत होती. म्हणून मी हसले. बिल्ल्यांना, मानसिंगरावांना, सगळ्याला.

शुक्रवारी कारखान्यात शिरतानाच मी एक बाई पाहिली होती. पन्नाशीची, अंगानं जाड, निळा कोट घातलेली, ती पळत होती. गळ्यातला बिल्ला डुलू नये म्हणून एका हातानं छातीशी धरलेला, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या. दारातला शिपाई घड्याळ बघत होता. पाच मिनिटांत परत यायचं म्हणून पन्नाशीची बाई शाळेतल्या पोरीसारखी पळतेय. मला तिची दया यायला पाहिजे होती. आला राग. कशाला पळतेस गं बये? सावकाश जा की. सहा मिनिटं लागली तर तो काय तुला फाशी देणारे? पण ती पळत गेली आणि पळत आली, आणि जाता जाता माझी इस्त्रीची साडी बघून तिनं मला नमस्कारही केला. नमस्कार करायलासुद्धा थांबली नाही. असल्या साठजणी, आणि त्यांच्यावर मी. परतीच्या एसटीत बसून मला वाटलं, यांच्या गळ्यात घंटा बांधली तरी या ‘बरं’ म्हणतील. मी वेगळी आहे, असं मला फार वाटायचं तेव्हा.

शनिवारी कारखाना चालू असतो. हे मला शनिवारी सकाळी नऊ वाजता छकुलीचे कपडे धुताना आठवलं. हातात तिचा शाळेचा फ्रॉक होता, आणि खिशातून तीन चिंचोके निघाले, गुळगुळीत, घासून घासून चकचकीत झालेले. चौथीत गेली तरी वर्गात चिंचोके खेळते. पाण्याची बाटली तर रोज भरलेली जाते आणि भरलेलीच परत येते. मी ती तुळशीत ओतते आणि म्हणते, “एवढं ओझं वाहायचंय कशाला, प्यायचं नाही तर?” पोरगी दारातून आत येते ती दप्तर फेकून थेट परसात धावते, आणि आली की उभ्यानंच तांब्याला तोंड लावते. मला तो आचरटपणा वाटायचा. “बाईच्या जातीला जरा दम असावा,” असं मी तिला म्हणालेसुद्धा आहे. तर ते चिंचोके बघताना हे बिल्ले आठवले. म्हणजे आज लाइनीवर बिल्लेच नाहीत. इंद्रजित टेपमध्ये तोंड घालून बसले होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “कोपऱ्यावरून फोन करून येऊ का? नंबर आहे की पत्रावर.”

“कशाला? असतील त्यांच्याकडं दुसरे. नसले तर जातील तशाच. साठ बायका दोन चकत्यांसाठी अडून बसणारेत होय?”

“बसतील,” ते म्हणाले. तोंडात स्क्रू होता, त्यामुळं ते नीट ऐकूही आलं नाही.

“तुम्ही बसाल,” मी म्हणाले आणि फ्रॉक पिळला. त्यांनी टेपमध्ये पुन्हा तोंड घातलं. त्यांच्याशी भांडण करणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं. मी मशीनवर बसले आणि दिवसभर एका लग्नाच्या बारा साड्यांना फॉल लावले. दोनदा वाटलं, जावं, एक नाणं टाकावं आणि सांगावं. पण मग सांगायचं काय? की साहेब, मी तुमचे बिल्ले चोरून आणलेत? नोकरीच्या आधीच वेंधळी म्हणून नाव जाईल. आणि खरं सांगायचं तर मला गंमतच वाटत होती. बसा म्हटलं, बघू तुम्हाला बिल्ल्याशिवाय काय सुचतं.

चिंचोक्यांनी मात्र दिवसभर पाठ सोडली नाही. एक चिंचोका मी नकळत मशीनच्या फळीवर ठेवला होता आणि सुई खालीवर होताना तो थरथरत होता. आमचा मेंढरांचा वाडा होता तेव्हाची गोष्ट. दिवाळी झाली की आम्ही कोकणात उतरायचो. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि कोकरं, आणि मागं बायका-पोरं पायी. वाडा हलायच्या दिवशी बायकांनी पाणी प्यायचं नाही ही माझ्या आईची शिस्त. तिची कसली, तिच्या सासूची, तिच्याही सासूची. पहाटे अंधार आहे तोवर सगळ्या बायका एकदम जाऊन यायच्या, ते मग थेट दिवेलागणीला. मधे सगळा रस्ता. रस्त्यावर ट्रक, एसट्या, गावं, दोन्हीकडं भाताची मोकळी खाचरं, आडोसा म्हणून नाही. पुरुषांचं काय, ते वाटेल तिथं पाठ करून उभे राहायचे. मी सात वर्षांची असेन. एका गावात हापसा दिसला आणि मी कुणाचं लक्ष नाही असं बघून पोटभर पाणी प्यायले. तासाभरानं चालता चालताच परकर भिजला. गरम, मग गार. मला वाटलं, आई मारणार. आईनं मारलं नाही. तिनं मला घोड्याच्या आडबाजूला ओढलं, बिऱ्हाडातला पाण्याचा डबा काढला, त्यात दुपारसाठी ठेवलेलं होतं नव्हतं तेवढं पाणी माझ्या परकरावर ओतलं आणि म्हणाली, “पानी सांडलं म्हनून सांग.” मग कनवटीचा चिंचोका काढून माझ्या तोंडात घातला. “चावायचा न्हाय. नुसता धरायचा. तोंडाला पानी सुटतं, तहान लागत न्हाय.” त्याला चव नसते. आंबट असेल असं वाटतं, पण काही नाही, लाकूड. त्या वर्षी मी शिकले, आणि दहाव्या वर्षी बापानं मेंढरं विकून पळसदेवला जमीन केली म्हणून सुटले. शाळेत घातलं, बोर्डिंगात ठेवलं, डिप्लोमा केला. आणि तीस वर्षांनी एक टॉवेलवाला मला सांगतो, तुमच्या बायका काटक. काटक! आमच्या बायकांना चाळिशीत मुतखडे होतात. माझ्या आईला दोनदा बारामतीला दवाखान्यात घातलंय.

रविवारी आई आलीच. भाऊ गेणू तिला एसटीत बसवून देतो आणि ती पिशवीत वांगी घेऊन येते. मी तिच्यासमोर बिल्ले ठेवले. तिनं एक उचलला, वजन बघितलं, दातानं चावला.

“पितळ चांगलं हाय. कुनाच्या गळ्यात बांधायचं? बकऱ्याच्या?”

“बायकांच्या.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं, उभ्यानं काम, पाच मिनिटं, एकदा, दुसऱ्यांदा ‘का म्हणून’. ती ऐकत होती आणि वांग्यांची देठं काढत होती. “मग त्यात काय मेलं? आमी न्हाय का ऱ्हायलो? डोक्यावर पत्रा हाय, पगार हाय. तुला आनिक काय गालिचा पायजे व्हय?”

“मला त्यांना विचारावं लागेल, आई. दुसऱ्यांदा का जायचंय म्हणून.”

ती थांबली. “ह्ये इचारायचं नसतं.”

“विचारलं नाही तर नोकरी राहणार नाही.”

“मग इचार,” ती म्हणाली आणि पुढचं वांगं घेतलं. ही माझी आई. दुपारचं पाणी माझ्या परकरावर ओतून स्वतः दिवसभर कोरडी चालणारी. मला तिचाही राग आला. इतकं सोसून माणसाच्या हाती लागतं काय, तर दुसऱ्यानंही सोसावं एवढंच. संध्याकाळच्या एसटीनं ती गेली. जाताना छकुलीला जवळ घेऊन तिच्या मुठीत काहीतरी कोंबलं. मला वाटलं, नाणं असेल.

सोमवारी साडेचारला उठले. भाकरी केल्या, भाजी केली, साडी नेसले, नोकरी घ्यायची की नाही ते अजून ठरवलं नव्हतं, म्हणजे मी स्वतःला तसं सांगत होते. तोंड धुतल्यावर तांब्याभर पाणी प्यायची माझी लहानपणापासूनची नव्हे, बोर्डिंगपासूनची सवय. सुटका झाल्याची खूण म्हणून लावून घेतलेली. रोज इंद्रजित माठातलं पाणी भरून तांब्या पुढं करतात, तेवढं एक काम ते न सांगता करतात. आजही केला. मी म्हणाले, “नको.”

“का?”

“बसमध्ये सव्वा तास जाणार, आणि मग तिथं…” म्हणता म्हणता ध्यानात आलं. रात्रीपासून मी पाणी प्यायलेच नव्हते. जेवतानाही नाही. कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस मी ठरवायचं नाटक करत होते, आणि माझ्या अंगानं रात्रीच नोकरी धरलेली होती. मानसिंगराव बरोबर बोलला होता. काही काळजी नाही. अशी शरम मला भाऊजींच्या बोलण्यानं कधी वाटली नव्हती.

छकुलीची उन्हाळ्याची सकाळची शाळा, त्यामुळं ती जागी होती. वेणी घालायची म्हणून रिबन घेऊन आली आणि मूठ पुढं केली. मुठीत चिंचोका. “आई, हा तू ने. मी घासून गुळगुळीत केलाय. आज्जीनं काल नवे दिलेत मला.”

“कशाला?”

“तोंडात धरायचा. मग तहान लागत नाही. मग जायलापण लागत नाही.”

“तू शाळेत धरतेस?”

“हो. सगळ्या मुलींना दिलेत मी.”

“शाळेत संडास आहे ना गं?”

“त्याला कुलूप आहे. आत खेळाचं सामान ठेवलंय. बाईंच्या संडासाची चावी मागितली की बाई म्हणतात, मधल्या सुट्टीत गेली होतीस ना, मग आता परत का म्हणून.”

का म्हणून. तिची रिबन हातात घेऊन मी विचारलं, “कधीपासून?” “दिवाळीच्या सुट्टीत आज्जीनं शिकवलं तेव्हापासून. तू म्हणालीस ना, बाईच्या जातीला दम असावा.” पोरगी मला हे कौतुकानं सांगत होती. दम आहे बघ मला, असं. रोज भरलेली बाटली तुळशीत ओतणारी मी, बायकांना अक्कल नाही म्हणणारी मी. तिच्या बाईंना, माझ्या आईला, मानसिंगरावांना शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि एकसुद्धा सापडली नाही. माझ्यासाठी पुरतील एवढ्याच शिव्या मला येत होत्या. मी इंद्रजितांच्या हातून तांब्या घेतला आणि उभ्यानं सगळा प्यायले. पाणी हनुवटीवरून नव्या साडीवर सांडलं. दुसरा तांब्या भरून छकुलीला पाजला.

“मी जातो आज शाळेत,” इंद्रजित म्हणाले.

“जाऊन काय करणार? नमस्कार?”

ते खाली वाकले, दुरुस्तीच्या पेटीत दोनदा हात घातला आणि म्हणाले, “हातोडी कुठं ठेवलीस?”

लग्नाला अकरा वर्षं झाली. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. “पलंगाखाली,” मी म्हणाले. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला आणि मी पळाले. हो, पळाले. निऱ्या हातात धरून.

बसमध्ये चाळीसेक बायका होत्या, बाकीच्या भिगवणला चढल्या. माझ्या शेजारी तीच पन्नाशीची बाई. तिचं नाव छबूबाई. सुपरवायझर म्हटल्यावर तिनं मला खिडकी दिली आणि पदर सावरून बसली. कुणीच फार बोलत नव्हतं. एवढ्या बायका आणि बसमध्ये शांतता, हे मी पहिल्यांदाच बघितलं. पर्समध्ये बिल्ले एकमेकांवर वाजत होते. मी विचारलं, “शनिवारी बिल्ले कुठून आणले मग?”

“न्हवतंच की वो. सायेब म्हनलं, नवीन बाई घिऊन गेली, सोमवारी आनंल.”

“मग?”

“मग काय. धरलं.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनीच. एक लेकुरवाळी हाय, तिला लई तरास झाला. सुटल्यावर गेटभाईर गेली पन तवर…” छबूबाईनं हात हलवला.

“अहो, पण तसंच जायचं की. साठजणी होता तुम्ही.”

“बिल्ल्याबिगर?” तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काहीतरी अचकटविचकट बोलले. मला चीड आली, नेहमीची, ओळखीची, मेंढरं कुठली! आणि त्या चिडीच्या मागोमाग तो चिंचोका आला, मशीनच्या फळीवर थरथरणारा. मानसिंगरावांनी निदान पाच मिनिटं दिली होती. मी घरी बसून, फॉल लावत, तीही काढून घेतली होती. एक फोन. कोपऱ्यावर. गंमत बघायला बसले होते मी. लेकुरवाळी कुठली ती, मला मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

पळसदेव आलं. उजनीचं पाणी बरंच मागं सरलेलं, जुन्या देवळाचा कळस वर आलेला, आणि रस्ता ते पाणी मधे नुसत्या वेड्या बाभळी. अर्ध्या कोसावर माझ्या आईचं घर. प्यायलेलं पाणी आता सांगू लागलं होतं. मी उठले, पुढं गेले आणि म्हणाले, “गाडी थांबवा.”

“हितं?” ड्रायव्हरनं मान वळवली नाही. “कंपनीची गाडी हाय बाई, यष्टी न्हाय. साडेसातला गेट बंद व्हतंय. उशीर झाला तर सगळ्यांचा अर्धा दिवस जाईल. तुमी कोन?”

“तिसऱ्या लाइनची सुपरवायझर.”

बोलून गेले. तीन दिवस जे ठरत नव्हतं ते एका ड्रायव्हरसमोर ठरलं. आणि त्यानं लगेच ब्रेक दाबला. हुद्दा ऐकला की पाय आपोआप दाबणारी माणसं ही, माझ्यासकट. मी बायकांकडं वळले. “उतरा. ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन या. परतीलाही गाडी इथं थांबेल. आणि आत शिरल्यावर मी कुणाला का म्हणून विचारणार नाही.” कुणी हललं नाही. साठ तोंडं माझ्याकडं, आणि सगळ्यांच्या मांड्या घट्ट मिटलेल्या, ते मला बसायच्या पद्धतीवरून दिसत होतं. मेंढरं अडली की अशीच अडतात, खिंडीच्या तोंडाशी, पहिलं गेल्याशिवाय दुसरं जात नाही. मग छबूबाई उठली. दांड्या धरत धरत दारापर्यंत आली. वाटलं, चला, एक तरी निघाली. ती पायरीवर थांबली आणि तिनं माझ्यापुढं हात पसरला.

“काय?”

“बिल्ला.”

बाहेर मैलभर बाभळी, शिपाई नाही, दार नाही, भिंत नाही. पर्समध्ये माझी बोटं त्या पितळावर होती. ओरडावं असं वाटलं, पण तिच्या त्या पसरलेल्या हाताला ओरडणार काय. तो हात माझ्या आईचा होता आणि थोडा छकुलीचाही.

“हरवले, छबूबाई. दोन्ही हरवले. आता मिळायचे नाहीत.”

ती घाबरली. खरोखर घाबरली. मागं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “मग जायाचं कसं?”

“असं,” मी म्हणाले, आणि आधी मीच उतरले.